मोहाखालची झाडलोट

आमच्या घरात पुरुषाने खराटा हातात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. बाबा सभेत समतेवर तासभर बोलायचे, चौदा एप्रिलला त्यांचं भाषण ऐकायला आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. पण स्वतःचं जेवलेलं ताट मोरीपर्यंत न्यायचं म्हटलं की त्यांची कंबर धरायची. त्यामुळे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते त्या फाल्गुनात, पहाटे ते खराटा खांद्यावर टाकून अंगणाबाहेर पडताना दिसले, तेव्हा मला आधी हसूच आलं.

पोट एवढं वर आलेलं की कुठल्याही कुशीवर नीट झोप लागायची नाही. उजाडायच्या थोडं आधी मी सपरीत, म्हणजे आमच्या ओसरीत, भिंतीला टेकून बसायचे. बाबांना वाटलं होतं सगळे झोपलेत. मला पाहून ते दचकले.

"कुठी चालले?" मी विचारलं.

"समितीचं काम हाय. तू झोप."

"खराट्यानं?"

"सांगितलं ना, झोप," असं म्हणून ते गेले. माझे बाबा चिडखोर नव्हते. चिडले की समजायचं, कुठेतरी दुखतंय. स्वभाव माझाही तिखटच आहे, हे माझ्या सासरचे न विचारताही सांगतील, पण त्या पहाटे मी गप्प बसले.

ही समिती म्हणजे गावाची वन समिती. आमचं गाव चंद्रपूरच्या अगदी टोकाला. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. गावामागे एक डोंगरी आहे. मी शाळेत असताना तिच्यावर शेळीला उभं राहायला सावली नव्हती. कोणी सरपण तोडलं, कोणी घराच्या छताला मयाली, म्हणजे आडवी लाकडं, नेली, बाकीचं गुरांनी खाल्लं. मग सरकारने योजना काढली, की गावाने जवळचं सरकारी जंगल सांभाळायचं आणि वनखात्याने त्यासाठी गावाला अनुदान द्यायचं. रोपं लावायला, चर खोदायला, राखणदाराच्या मजुरीला पैसा येणार, आणि झाडं मोठी झाली की उत्पन्नात गावाचा वाटा. शिवाय गावाच्या सोयीसाठी काहीतरी घ्यायला थोडी रक्कम वेगळी. त्या रकमेतून आमच्या गावाने लग्नाच्या स्वयंपाकाची भांडी घेतली. मोठाली गंजं, कढया, झारे, पाण्याचे ड्रम. आता ज्याच्या घरी लग्न त्याला दुसऱ्या गावात भांडी मागायला जावं लागणार नव्हतं, आणि या गोष्टीचा लोकांना जंगलापेक्षा जास्त आनंद झाला होता.

अध्यक्ष कोण, यावर सभेत बरीच कुजबुज झाली म्हणतात. बाबा तेव्हा नेहमीसारखे मागे उभे होते. आमच्या वस्तीतला माणूस पुढच्या सतरंजीवर बसायची गावात रीत नव्हती. कोणी हाकलत नसे, पण कोणी सरकूनही घेत नसे. तेव्हा शेजारची गोंड म्हातारी उठली आणि म्हणाली, "हा सायबासंग बराबर बोलते. याले करा." तिच्या शब्दाला गावात मान होता. बाबा अध्यक्ष झाले, नाकेदार सचिव झाला. वनरक्षकाला आमच्याकडे अजूनही नाकेदारच म्हणतात. त्या दिवसापासून रेंजर साहेब गावात आले की आधी आमच्या सपरीत बसत, आमच्या घरचा चहा पीत. बाबांना या चहाचं किती वाटायचं, ते मला लग्न होऊन शहरात गेल्यावर कळलं.

त्यांनी ती डोंगरी लेकरासारखी वाढवली, हे मला मान्य करावंच लागेल. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, आणि सगळ्यांत कठीण म्हणजे आगबंदी. आमच्याकडे मोहाचं प्रत्येक झाड कोणत्या ना कोणत्या घराचं असतं. जमीन सरकारची असली तरी हे झाड अमक्याच्या आजीचं, ते तमक्याच्या सासूचं, हे सगळ्या गावाला पाठ. फुलं गळायच्या आधी ज्याने त्याने आपापल्या झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची, म्हणजे पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी जातात. दरवर्षी त्यातली एखादी आग हातची सुटायची आणि डोंगरीवर चढायची. अनुदानाची अटच होती की सांभाळलेल्या जंगलात वणवा दिसला नाही पाहिजे. मग बाबांनी तोडगा काढला. पाला जाळायचा नाही, झाडायचा. खराटा घ्या आणि रोज संध्याकाळी झाडाखालची जागा झाडून ठेवा.

बायांनी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. झाडणार कोण? बायाच. एका घराने ऐकलं नाही, पाला पेटवला. बाबांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला समितीची भांडी दिली नाहीत. ऐन हळदीच्या दिवशी ते लोक बैलगाडी घेऊन नाल्यापलीकडच्या गावात भांडी मागायला गेले. आई तेव्हा बाबांशी दोन दिवस बोलली नाही. पण त्यानंतर गावात कोणी काडी ओढली नाही.

दोन हजार सालाच्या पुढेमागे मी बाळंतपणाला आले तेव्हा डोंगरी ओळखू येत नव्हती. सागाची रोपं माझ्या डोक्यावर गेली होती. गुरं बंद झाल्याने गवत कमरेच्या वर, आणि त्यात रायमुनीची झुडपं इतकी माजलेली की पायवाटेवरून चालताना दोन्ही बाजूंनी लुगडं ओढायची. पूर्वी गावाच्या आखरीवरून, म्हणजे जिथे गुरं गोळा करतात त्या मोकळ्या जागेवरून, डोंगरीचा माथा दिसायचा. आता हिरवी भिंतच उभी होती, आणि ती भिंत मोहाच्या झाडांना येऊन टेकली होती. बाबा मला बोटाने दाखवत होते, हे बघ, ते बघ. मी बघत होते, पण मला त्या गवताकडे पाहून बरं वाटत नव्हतं.

आधी चितळं आली म्हणे, मग रानडुकरं. हिवाळ्यात आखरीवरची कुत्री एकेक करून कमी झाली. कुत्र्यांचा कोण हिशोब ठेवतो? आई फक्त एवढं म्हणाली, "रातच्याले आता कोणी भुकत नाई." मी तिच्याकडे पाहिलं, तर ती तांदूळ निवडत होती.

खराट्याचं मी आईला हसत हसतच सांगितलं. म्हटलं, बाबा सुधारले, पहाटे उठून तुझी झाडलोट करायला जातात. मला वाटलं ती हसेल. ती मोहफुलं वाळत घालत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"मी सांजच्याले झाडते तं पाला खालच्या अंगाले लोटते," ती म्हणाली. "सकाळी जाऊन पाह्यते तं वरच्या अंगाले लोटलेला. इतक्या सालात माह्या मदतीले कोणी आलं नाई. मले वाटे भूत झाडून जाते."

"मग विचारलं काऊन नाई?"

"इचारते तं म्हणते, तुले भास होते."

अंगणात मोहाचा गोड, डोकं जड करणारा वास भरून राहिला होता. जिथे पाला असतो तिथे कशाचाही माग दिसत नाही. झाडलेल्या मऊ मातीवर मात्र साधा सरडा गेला तरी दिसतो. हे मला एकटीला सुचलं असेल असं नाही, पण ते बोलून कोण दाखवणार?

मीच दाखवलं. दुपारी बाबा सपरीत एकटे असताना मी सरळ विचारलं, "पाय कोणाचे पुसता?"

त्यांनी आधी डुकरांचं नाव घेतलं. मी म्हटलं, डुकरांचे पाय लपवायला अध्यक्षाला पहाटे उठावं लागत नाही.

"जनावराचे हायत," ते म्हणाले. आमच्याकडे जंगलाच्या इतक्या जवळ राहून वाघाला वाघ म्हणत नाहीत. "रोज नाई येत. एखाद्या दिवशी येते. नाल्याकडून येते, मोहाखालून जाते अन् वर चढते."

रोज पहाटे माझी आई त्याच मोहाखाली वाकून बसत होती. तिच्या आजूबाजूला अर्ध्या गावाच्या बाया.

"अन् तुमी सांगत नाई?"

"सांगितलं तं घंटाभरात डोंगरी पेटन. जनावर हाकलाले आग लावतीन, दुसरं काय करतीन? होळी झाल्यावर पाहणी हाय. नागपूरहून मोठे साहेब येऊन राह्यले. पाहणी झाली की अनुदान वाढते, पलीकडची डोंगरी बी आपल्याले भेटते. एवढी पाहणी होऊ दे, मग मीच दवंडी देतो."

"अन् तवरिक?"

"तवरिक मी सगळ्याइच्या आधी जातो ना. एकटा जातो. पाहतो, खोकलतो, काठी आपटतो. जनावर गेलेलं असते तवाच बाया येतेत. त्याची वाट ठरलेली हाय, ते माणसाले काई करत नाई."

हे ते खरं बोलत होते. अंधार सरायच्या आत त्या गवतात एकट्याने जायला छाती लागते, आणि ते रोज जात होते. स्वतःचा जीव त्यांनी पुढे केला होताच. पण बायांना विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि मला राग आला तो याचा. मी म्हटलं, बाबा, उद्या काही झालं तर? ते म्हणाले, "काई होत नाई." आणि टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने बाबांना जेवायला वाढलं, भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, आणि दिवा बारीक करून झोपली. तिच्या त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

पहाटे बाबा खराटा घेऊन गेले. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर आईने मला हलवलं. "ऊठ. चाल माह्यासंग."

"कुठी?"

"मोहाले."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. भरल्या दिवसांच्या बाईला आमच्याकडे कोणी आखरीच्या पुढे जाऊ देत नाही. पण तिने माझा हात असा धरला होता की नाही म्हणायची सोय नव्हती. वाटेत गावातल्या बाया टोपल्या घेऊन निघालेल्या, एकमेकींना हाका मारत, थट्टा करत. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं. कोणी म्हणालं, "काऊन वो, पोरगी मोहाखालीच होऊ देता काय?" आई हसली. खरंच हसली ती, आणि मला घाम फुटला होता.

उजेड नुकता फुटत होता. झाडाखाली फुलं पडतच होती, टप टप आवाज येत होता. बाबा आमच्या मोहापाशी उभे होते. खाली जमीन स्वच्छ, नुकती झाडलेली, खराट्याच्या ओळी अजून ताज्या. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हिले काऊन आणलं?"

"मोह येचाले," आई म्हणाली. "दिवसभर बसून राह्यते. थोडं हातपाय हालले तं बाळंतपण सोपं जाते."

"अशा दिवसात तिले जंगलात आणते तू?"

"जंगल कुठी? गावाची आखर हाय. एवढ्या साऱ्या बाया हायत." तिने आवाज मुद्दाम वाढवला होता. आजूबाजूच्या झाडांखालच्या बाया आमच्याकडे पाहू लागल्या. शेजारच्या झाडाखाली तीच गोंड म्हातारी वेचत होती. तिची पाठ गवताकडे होती.

"घरी ने तिले," बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"काऊन? इथी काय हाय?"

आई एक क्षण थांबली. तिने त्यांना वेळ दिला, हे मला आज स्पष्ट कळतं. मग तिने टोपली माझ्या पायाशी ठेवली. "बस माय. येच."

मी आईवर विश्वास ठेवून गुडघे वाकवले. माझ्या मागे, अगदी हातभर अंतरावर, ते गवत सुरू होत होतं. वारा नव्हता. वाकताना मानेवर जे वाटत होतं ते मी विसरलेली नाही. एक हात जमिनीला टेकवून मी बसायला लागले.

"बसू नको!" बाबा ओरडले. "ऊठ! पाठ देऊ नको तिकडं! ऊठ म्हणतो ना!"

त्यांनी धावत येऊन मला दंडाला धरून ओढलं. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या मागच्या गवतावर होते.

सगळ्या हाका, सगळी थट्टा एकदम बंद झाली. म्हातारी कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ उभी राहिली. तिने झाडलेल्या जमिनीकडे पाहिलं, खराट्याकडे पाहिलं, मग वळून गवताकडे पाहिलं. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"अन् आमी, भाऊ?" तिने विचारलं.

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला बाबांच्या मायेने भरून आलं आणि त्याच क्षणी त्यांची इतकी लाज वाटली की मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले. बाया टोपल्या उचलून, गवताकडे तोंड करून, मागे सरकत सरकत आखरीपर्यंत गेल्या, आणि तिथून घराकडे पळाल्या.

दुपारी डोंगरी पेटली. कोणी पेटवली हे कोणी विचारलं नाही. बाबा हिरवी फांदी घेऊन विझवायला निघाले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात राख पडत होती. आई वाळत घातलेल्या मोहफुलांतून ती एकेक वेचून काढत होती. आगीचा आवाज गावात ऐकू येत होता, आणि मधेच नाल्याच्या अंगाला माकडं जनावर दिसल्यासारखी ओरडली. लोक एकमेकांना म्हणाले, गेलं, गेलं, नाल्यापार गेलं. म्हणताना सगळ्यांचे चेहरे सुटले होते. माझाही सुटला असेल.

पाहणीचे साहेब आले, जीपमधून खाली न उतरता काळी डोंगरी पाहून गेले. अनुदान बंद झालं. बाबांना त्याचं काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मधल्या काळात बाळंत झाले, मुलगी झाली, आणि घरात त्या सकाळबद्दल कोणी अवाक्षर काढेना. आईला मी एकदा विचारलं, तू मला असं पणाला लावलंस? ती म्हणाली, "दुसऱ्या कोणासाठी ते वरडले नसते." मला ते पटलं, पण तिला माफ करायला मला वेळ लागला.

मोह संपत आला होता तेव्हा बातमी आली. नाल्यापलीकडच्या गावात एक बाई पहाटे मोहाखाली वाकलेली असताना गेली. गवताकडे पाठ करून बसली होती म्हणे. तेच जनावर की दुसरं, कोण सांगणार? पण आमच्या गावात त्या दिवशी कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. नाला ओलांडायला कितीसा वेळ लागतो? तिकडे आमच्या लेकी दिलेल्या, तिकडून सुना आणलेल्या. डोंगरी पेटल्यापासून त्या गावाला आमच्यातल्या एकाही माणसाने निरोप दिला नव्हता.

मातीला बाबा एकटेच गेले. लोकांनी अडवलं, मारतील म्हणाले, तरी गेले. दिवेलागणीला परत आले आणि सपरीत बसले. आईने पाणी दिलं. ते तसंच हातात धरून बाबा म्हणाले, "तिच्या लेकानं इचारलं, तुमच्या गावाले माहीत होतं काय?"

"मग?"

"मी हो म्हटलं."

"तो काय म्हणे?"

"काई नाई. म्हणे, एक निरोप धाडला असता तं माय त्या दिवशी घरी राह्यली असती."

त्यांनी पाणी प्यायलं नाही. माझी मुलगी मांडीवर झोपली होती.